वॉकर, फुलर आणि टकर : ही आडनावे वाचताना या चुका टाळा

स्कॉटलंडमधील किल्मार्नॉक या गावी 1820 मध्ये जॉन वॉकर नावाच्या तरुणाने किराणा मालाचे दुकान काढले. पुढे त्याच्या नावाची व्हिस्की जगभर गेली आणि 1908 मध्ये तिच्या जाहिरातीसाठी टॉम ब्राउन या चित्रकाराने उंच टोपी घातलेला, लांब ढांगा टाकत निघालेला एक माणूस रेखाटला. ते चित्र इतके परिचयाचे झाले की वॉकर म्हणजे चालणारा, याविषयी शंका घ्यावी असे कोणाला वाटेनासे झाले. जाहिरातीतील कोटी म्हणून हे उत्तमच आहे, परंतु व्युत्पत्ती म्हणून ते चुकीचे आहे. वॉकर हे आडनाव लोकरी कापडाच्या एका धंद्यातून आलेले आहे आणि त्याच एका धंद्याने इंग्रजीला फुलर व टकर ही आणखी दोन आडनावे दिली आहेत.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत आता इंग्रजी आडनावाचे व्याही आणि जावई आहेत, नातवंडांच्या वंशवृक्षाची एक बाजू डेव्हन किंवा यॉर्कशरकडे जाते, आणि इकडे पुण्या-मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमींतील दगडांवरची नावे वाचणारे हौशी अभ्यासकही वाढले आहेत. या मंडळींच्या शोधात ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, त्या या तीन आडनावांच्या आधारे येथे मांडल्या आहेत. तीन आडनावे मुद्दाम निवडली आहेत, कारण एकच काम करणाऱ्या माणसाला तीन प्रदेशांत तीन नावे पडली, आणि व्यावसायिक आडनावांविषयीच्या जवळजवळ सगळ्या गैरसमजुती या त्रिकुटावर तपासून पाहता येतात.

धंदा न समजून घेता आडनावाचा अर्थ लावणे

फुलरचे मराठी भाषांतर ‘परीट’ किंवा ‘धोबी’ असे करण्याचा मोह होतो. हे भाषांतर दिशाभूल करणारे आहे. परीट वापरलेले कपडे धुतो, तर फुलरकडे येणारे कापड अजून कोणी अंगावर घातलेलेच नसे. मागावरून नुकतेच उतरलेले लोकरी कापड विरविरीत आणि तेलकट असते. लोकरीतील नैसर्गिक चिकटपणा त्यात असतोच, शिवाय पिंजताना आणि कातताना लावलेले तेल किंवा लोणी त्यात मुरलेले असते. हा तेलकटपणा काढणे हे फुलरचे पहिले काम होते, आणि दुसरे, अधिक महत्त्वाचे काम म्हणजे कापड ओले करून, तुडवून, कुटून त्याचे तंतू एकमेकांत असे गुंतवणे की वीण दिसेनाशी होऊन कापड जाड, घट्ट आणि ऊबदार व्हावे. या प्रक्रियेत कापड लांबी-रुंदीने बरेच आवळते. म्हणून ते नंतर चौकटीवर ताणून वाळवीत, टीझल नावाच्या वनस्पतीच्या काटेरी बोंडांनी त्यावर लव काढीत आणि ती लव मोठ्या कात्रीने सारखी करीत. कात्री चालवणाऱ्या कारागिरावरून शर्मन हे वेगळे आडनाव आले. आपल्याकडे पिंजारी लोकर दाबून-मळून जो बुरणूस करतात, तो हातात घेऊन पाहिला तर फुलरच्या कामाची कल्पना परिटाच्या घाटापेक्षा कितीतरी चांगली येते. फरक इतकाच की बुरणूस विणलेला नसतो आणि फुलरकडे येणारे कापड विणलेले असे.

तेलकटपणा काढण्यासाठी दोन पदार्थ वापरले जात. एक म्हणजे साठवून शिळे केलेले मूत्र, कारण त्यातील अमोनिया तेल सोडवतो. दुसरा म्हणजे तेल शोषून घेणारी एक विशिष्ट माती. या मातीला इंग्रजीत आजही फुलरचीच माती म्हणतात. आपल्या घरात ती अनोळखी नाही, कारण चेहऱ्याला लावायची मुलतानी माती ती हीच. इंग्लंडमध्ये सरे परगण्यातील नटफील्ड आणि बाथ शहराचा परिसर ही तिच्या खाणींची प्रसिद्ध ठिकाणे होती.

धंद्याचा हा तपशील आडनावाच्या अभ्यासाला कशाला हवा, असे विचारले जाते. एक कारण अगदी व्यवहाराचे आहे. मृत्युपत्राला जोडलेल्या जुन्या मालमत्तेच्या यादीत ताणाच्या चौकटी, टीझलची बोंडे आणि मोठ्या कात्र्या आढळल्या, तर तो माणूस स्वतः कापडाच्या संस्कारात होता हे कळते, मग त्याचे आडनाव काहीही असो. धंदा माहीत नसेल तर ही यादी नुसती अडगळ वाटते.

आजच्या इंग्रजीने जुने आडनाव वाचणे

वॉकर म्हणजे चालणारा, फुलर म्हणजे काहीतरी ‘फुल’ म्हणजे पूर्ण करणारा, आणि टकर म्हणजे कापडाला चुण्या घालणारा शिंपी, असे अर्थ सर्रास दिले जातात. तिन्ही ठिकाणी चूक एकच आहे. आडनाव तेराव्या-चौदाव्या शतकातले आणि शब्दकोश आजचा, अशी ती जोडी आहे.

फुलर हा शब्द लॅटिनमधील ‘फुल्लो’ या कारागिराच्या नावापासून जुन्या इंग्रजीत आला आणि त्याला ‘पूर्ण’ या अर्थाच्या शब्दाशी काही देणेघेणे नाही. टकरच्या मुळाशी जुन्या इंग्रजीतील ‘तुकियन’ हे क्रियापद आहे. त्याचा अर्थ छळणे, जाच करणे असा होता. कापडाला ओढून-कुटून बेजार करणाऱ्या कामाला हा शब्द लागला, यात त्या काळच्या लोकांची विनोदबुद्धी दिसते असे मला वाटते. चुणी घालणे हा त्या शब्दाचा अर्थ नंतरचा आहे.

वॉकरची गोष्ट मात्र जरा गुंतागुंतीची आहे आणि येथे सुधारणा करणारेही घसरतात. अनेकजण सांगतात की हे कारागीर टाकीतल्या कापडावर चालत, म्हणून त्यांना वॉकर म्हणू लागले. ते कापडावर उभे राहून ते पायांनी तुडवीत हे खरेच आहे. परंतु शब्दाचा क्रम उलटा आहे. जुन्या इंग्रजीतील ‘वेआल्कन’ या क्रियापदाचा अर्थ गोल फिरवणे, लोळवणे, उलथापालथ करणे असा होता आणि त्याच मुळापासून कापड तुडवणाऱ्याला ‘वेआल्केरे’ हे नाव पडले होते. पायी जाणे हा अर्थ त्या क्रियापदाला मध्ययुगीन इंग्रजीत, म्हणजे साधारण 1200 नंतर, रुळला. जर्मन भाषेत तर ‘वाल्केन’ हे क्रियापद आजही कापड तुडवून घट्ट करण्यालाच वापरतात आणि चालण्याला वेगळा शब्द आहे. तेव्हा वॉकर हा चालण्यावरून बनलेला शब्द नव्हे. चालण्याचा आजचा शब्द आणि वॉकर हे दोघे एका जुन्या मुळाचे भाऊ आहेत, आणि त्यांतला धंद्याचा भाऊ थोरला आहे.

तिन्ही शब्द एकाच कामाचे आहेत, हा आजच्या अभ्यासकांनी बसवलेला मेळ नाही. चौदाव्या शतकात वायक्लिफ या इंग्रज धर्मसुधारकाच्या अनुयायांनी केलेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात, येशूची वस्त्रे जगातील कोणत्याही फुलरला करता येणार नाहीत इतकी शुभ्र झाली, अशा अर्थाच्या ओळीत फुलर या शब्दाला जोडूनच ‘कापडाचा वॉकर’ असा खुलासा दिलेला आढळतो. भाषांतरकाराला ठाऊक होते की देशाच्या एका भागात एक शब्द कळेल आणि दुसऱ्या भागात दुसरा. त्याच शतकातील ‘पिअर्स प्लाउमन’ या काव्यात मागावरून आलेले कापड पायाखाली किंवा गिरणीच्या हातोड्याखाली तुडवले गेल्याखेरीज अंगावर घालण्याजोगे होत नाही असे म्हटले आहे, आणि पुढच्याच ओळींत टकरचे मूळ क्रियापदही येते. म्हणजे पाय आणि गिरणी, दोन्ही पद्धती तेव्हा शेजारी शेजारी नांदत होत्या.

गिरणीचाही उल्लेख करायला हवा, कारण आडनाव कोणाला चिकटले हे तिच्यामुळे समजते. पाणचक्कीवर चालणाऱ्या लाकडी हातोड्यांनी कापड कुटण्याची यंत्रणा इंग्लंडमध्ये बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागते. टेंपलर या धर्मयोद्ध्यांच्या संघाच्या मालमत्तेची जी पाहणी 1185 मध्ये झाली, तिच्यात यॉर्कशरमधील न्यूसम आणि ग्लॉस्टरशरमधील बार्टन येथे अशा गिरण्या नोंदलेल्या आहेत. गिरणी जमीनदाराची किंवा मठाची असे आणि कापड तिथेच आणले पाहिजे अशी सक्ती असे. सेंट आल्बन्स येथे मठाधिपती आणि घरच्या घरी कापड तुडवणारे रहिवासी यांच्यात याच कारणावरून 1274 मध्ये वाद पेटला होता. ज्या वस्तीत बहुतेक घरांत सूतकताई चालते, तिथे कोणालाही सूतकात्या म्हणून ओळखले जात नाही, कारण त्या नावाने माणूस वेगळा पडत नाही. गिरणी मात्र परिसरात एखादीच असते. म्हणून तिच्यावर काम करणाऱ्याचे नाव घेताना धंदा सांगितला की ओळख पटे. लोहार गावात एखादाच असे, म्हणूनच स्मिथ हे आडनाव इतके पसरले. वॉकर आज इंग्लंडमधील पहिल्या वीस आडनावांत मोडते, त्यामागेही हेच कारण आहे.

‘ले’ पाहून नॉर्मन घराणे ठरवणे

जुन्या दस्तऐवजात ‘रॉबर्ट ले फुलर’ असे नाव सापडले की शोधकर्ता हरखून जातो आणि इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम द कॉंकररबरोबर 1066 मध्ये फ्रान्समधील नॉर्मंडीहून आलेला नॉर्मन सरदार आपल्याला मिळाला असे समजतो. ‘ले’ हा फ्रेंच शब्द कारकुनाचा आहे, माणसाचा नव्हे. न्यायालये आणि जमीनदारांच्या कचेऱ्या लॅटिन व फ्रेंचमध्ये लिहीत असत, आणि ज्याला गावात साध्या इंग्रजीत हाक मारली जाई त्याच्या धंद्यामागे कारकून ‘ले’ लावून मोकळा होई. लॅटिन दस्तऐवजात तोच माणूस ‘फुल्लो’ होतो. एकच व्यक्ती तीन कागदांत तीन भाषांत दिसली, तर तीन व्यक्ती समजू नयेत. लॅटिनचा हा वापर न्यायालयीन कागदपत्रांत मधला काही काळ सोडला तर 1733 पर्यंत टिकला.

याच पठडीतील दुसरी चूक म्हणजे 1086 च्या डूम्सडे या इंग्लंडमधील जमिनींच्या पाहणीपर्यंत आडनाव मागे नेणे. त्या काळी माणसाच्या नावापुढे जे लावले जाई ते त्याच्यापुरते टोपणनाव असे आणि मुलाकडे जाईलच असे नसे. दक्षिण इंग्लंडमध्ये आडनावे वंशपरंपरागत होण्याची प्रक्रिया चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बरीचशी पूर्ण झाली होती, उत्तरेत तिला आणखी वेळ लागला, आणि वेल्समध्ये तर बापाचे नाव लावण्याची रीत त्यानंतरही कित्येक पिढ्या चालू राहिली. त्यामुळे तेराव्या शतकातला एखादा वॉकर सापडला तर तो खरोखर कापड तुडवीत होता असे मानायला हरकत नाही, पण तो आपला पूर्वज आहे हे सिद्ध व्हायला बापापासून मुलाकडे जाणारी प्रत्येक कडी कागदावर हवी.

आडनाव नेमके केव्हा धंद्यापासून सुटले हे पाहण्यासाठी दोन साधने फार उपयोगी आहेत. एक म्हणजे 1377, 1379 आणि 1381 या तीन वर्षी बसवलेल्या डोईपट्टीच्या याद्या. पहिल्या वर्षी चौदा वर्षांवरील प्रत्येकाला सरसकट चार पेन्स द्यावे लागले, परंतु 1379 मध्ये ऐपतीप्रमाणे दर बदलले आणि त्यामुळे कारागिरांच्या नावापुढे धंदा लिहिणे भाग पडले. यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंग भागाची 1379 ची यादी या दृष्टीने सोन्याची खाण आहे. दुसरे साधन म्हणजे 1413 चा कायदा. काही विशिष्ट न्यायालयीन कागदपत्रांत प्रतिवादीच्या नावापुढे त्याचा दर्जा किंवा धंदा आणि राहण्याचे ठिकाण लिहिलेच पाहिजे असे त्याने ठरवले. समजा, अशा कागदावर ‘जॉन फुलर, विणकर’ असे आढळले, तर फुलर हे त्याचे आडनाव झाले होते आणि पोट विणकामावर चालत होते हे एका ओळीत सिद्ध होते. सतराव्या शतकातील प्रसिद्ध इतिहासकार टॉमस फुलर याचा जन्म 1608 मध्ये नॉर्थॅम्प्टनशरमधील ऑल्डविंकल येथे झाला. त्याचे वडील तिथले धर्मगुरू होते आणि तो स्वतःही धर्मगुरूच झाला. त्या घरात मुलतानी माती आली असलीच तर अंगरख्यावरचा डाग काढण्यापुरती.

आडनावात जात शोधणे

ही चूक खास आपली आहे आणि तिच्याविषयी जरा सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. लोहार, सुतार, सोनार अशी आडनावे पाहताच आपल्या मनात धंद्याबरोबर जात, जातीबरोबर विवाहसंबंधांचे वर्तुळ आणि त्याबरोबर समाजातले स्थान असे सगळे एकदम उभे राहते. तीच नजर आपण नकळत इंग्रजी आडनावाकडे वळवतो आणि वॉकर घराण्याच्या सोयरिकी टकर आणि फुलर घराण्यांशीच होत असतील, असे गृहीत धरून शोध घेऊ लागतो. इंग्लंडमध्ये कारागिरांचे संघ होते, उमेदवारीची पद्धत होती, एकाच धंद्यातील कुटुंबांत सोयरीक जुळण्याचे प्रसंगही स्वाभाविकच येत, परंतु जन्माने धंदा ठरवणारी आणि त्याबाहेर लग्नाला मनाई करणारी व्यवस्था तिथे नव्हती. फुलरचा मुलगा शिंप्याकडे उमेदवारी करू शकत होता आणि तरीही फुलरच राहत होता.

कुलकर्णी किंवा देशपांडे यांच्याशी केलेली तुलनाही अर्धीच लागू पडते. ती वतने होती. पद, त्याचे उत्पन्न आणि आडनाव ही तिन्ही बरोबरच वारशाने जात. इंग्रजी व्यावसायिक आडनावाचे वैशिष्ट्य असे की वारशाने फक्त नाव गेले, धंदा मागेच राहिला. जवळची तुलना हवीच असेल तर मुंबईतील पारशी कुटुंबांची मर्चंट, कॉन्ट्रॅक्टर, इंजिनिअर ही आडनावे घ्यावीत. तिथेही एका पिढीचा धंदा नावाला चिकटला आणि पुढच्या पिढ्या डॉक्टर, वकील झाल्या तरी नाव तेच राहिले.

नकाशा पाहून निष्कर्षाकडे उडी मारणे

फुलर दक्षिणेत आणि पूर्वेकडे, टकर नैर्ऋत्येला डेव्हन, कॉर्नवॉल व सॉमरसेटमध्ये, आणि वॉकर उत्तरेत व मध्य इंग्लंडच्या पश्चिम भागात, अशी या शब्दांची ढोबळ विभागणी आहे. एक्सेटर शहरात विणकर, फुलर आणि शर्मन यांच्या संघाची 1471 मध्ये उभारलेली वास्तू आजही ‘टकर्स हॉल’ याच नावाने ओळखली जाते. संघाच्या अधिकृत नावात फुलर हा शब्द आणि लोकांच्या तोंडी टकर, यावरून दस्तऐवजाची भाषा आणि बोली यांतले अंतर लक्षात येते. लंडनमध्ये मात्र फुलरच. तिथला फुलरांचा संघ 1528 मध्ये शर्मन मंडळींच्या संघाशी एकत्र होऊन क्लोथवर्कर्स कंपनी स्थापन झाली.

ही विभागणी खरी असली तरी तिच्यावरून एखाद्या विशिष्ट कुटुंबाचे मूळ गाव ठरवता येत नाही. आडनावांच्या वाटणीचे जे नकाशे पाहायला मिळतात ते बहुधा 1881 च्या जनगणनेवर आधारलेले असतात, कारण ती संपूर्णपणे उतरवून काढलेली आहे. पण 1881 पर्यंत औद्योगिक क्रांतीने गावेच्या गावे मँचेस्टर, लीड्स, बर्मिंगहॅम आणि लंडनकडे ओढली होती. नकाशा शोध कोठून सुरू करावा हे सुचवतो, एवढेच त्याचे काम. पुढची पायरी म्हणजे 1851 किंवा त्यानंतरच्या जनगणनेत जन्मस्थळाचा रकाना पाहणे. 1841 च्या गणनेत नेमके जन्मस्थळ नसून त्याच परगण्यात जन्म झाला की नाही इतकेच नोंदलेले आहे, म्हणून तिच्यावर विसंबू नये.

सगळे वॉकर एकाच मुळाचे मानणे

प्रत्येक गिरणीपाशी स्वतंत्रपणे एकेक वॉकर जन्माला आला, हे एकदा पटले की ‘वॉकर घराण्याचा मूळ पुरुष’ ही कल्पनाच गळून पडते. लेस्टर विद्यापीठातील टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या जनुकीय अभ्यासात दिसून आले की दुर्मिळ इंग्रजी आडनावाच्या पुरुषांमध्ये बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र पुष्कळदा समान असते, तर स्मिथसारख्या अतिसामान्य आडनावाच्या पुरुषांत तसे साम्य आढळत नाही. वॉकरच्या बाबतीत नुसत्या आडनावाच्या जोरावर जनुकीय चाचणीतून नाते जुळेल अशी आशा धरू नये.

शिवाय काही वॉकर या धंद्यातलेच नसतात. न्यूकॅसलजवळ वॉकर नावाचे ठिकाण आहे. रोमन सम्राट हेड्रिअनच्या भिंतीजवळची दलदल असा त्या नावाचा अर्थ, आणि तिथून आलेल्या माणसाला ते नाव पडू शकते. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात गेलिक ‘मॅक अन उखकदर’, म्हणजे कापड तुडवणाऱ्याचा मुलगा, या नावाचे भाषांतर होऊन वॉकर झाले. धंदा तोच, पण भाषा आणि कुळ निराळे. आयर्लंडमधील काही टकर हे मुळात ‘ओ तुआखर’ या गेलिक नावाचे इंग्रजी रूप आहेत आणि त्यांचा कापडाशी संबंध नाही. अमेरिकेत जर्मन वाल्कर सहज वॉकर झाला आणि टुखर टकर झाला. हे बदल न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर स्थलांतरितांची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी केले ही कथा मात्र सोडून द्यावी. तिथले अधिकारी जहाज निघालेल्या बंदरावर तयार झालेल्या याद्या पडताळून पाहत असत, नवी नावे लिहून देत नसत. अमेरिकेतील अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांकडे हे आडनाव गुलामगिरीच्या काळातून आले आहे, तेव्हा तिथे आडनावावरून इंग्लंडमधील गिरणी शोधणे व्यर्थ आहे.

आडनाव रक्ताशिवाय किती दूर जाऊ शकते याचे मुंबईतील उदाहरण सर्वांच्या ओळखीचे आहे. बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर असलेल्या बद्रुद्दीन काझी यांना गुरुदत्त यांनी व्हिस्कीवरून जॉनी वॉकर हे पडद्यावरचे नाव दिले, आणि लोकर तुडवणाऱ्याचे मध्ययुगीन नाव हिंदी चित्रपटसृष्टीतील विनोदाचे प्रतीक झाले.

आडनावाचे ‘कुलचिन्ह’ छापलेली तबके आणि कपही पुष्कळ विकले जातात. इंग्लंडमध्ये कुलचिन्ह आडनावाला दिले जात नाही, ते विशिष्ट व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळते. याची नोंद 1484 मध्ये स्थापन झालेले कॉलेज ऑफ आर्म्स ठेवते. कप चहासाठी घ्यावा, वंशवृक्षावर चिकटवू नये.

शोध अडतो तेव्हा काय तपासावे

संकेतस्थळावर नाव टाकले आणि काही मिळाले नाही, तर बहुतेकदा दोष नोंदीचा नसून शोधण्याच्या पद्धतीचा असतो. सारख्या उच्चाराची नावे एकत्र आणण्यासाठी साउंडेक्स ही संकेतपद्धत वापरतात. ती पहिले अक्षर तसेच ठेवते आणि पुढच्या व्यंजनांचे तीन आकडे करते. फुलरचा संकेत एफ 460, टकरचा टी 260 आणि वॉकरचा डब्ल्यू 426. आता अडचण पाहा. दक्षिणेकडील काही परगण्यांत ‘फ’चा उच्चार ‘व’कडे झुकतो आणि तिथे फुलरचे व्होलर होते. त्याचा संकेत व्ही 460, म्हणजे फुलर शोधताना तो कधीच समोर येणार नाही. वॉकरमधील ‘एल’ उच्चारात नाही, म्हणून लिहिणाऱ्याने कानाने ऐकून ते अक्षर गाळले आणि जागी ‘यू’ घातला, की संकेत डब्ल्यू 260 होतो आणि ती नोंद निसटते. नोंदी उतरवून घेणाऱ्याने जुन्या वळणाच्या अक्षरातील ‘के’ला ‘एल’ समजून वॉकरचे वॉलर केले असेल तर डब्ल्यू 460. म्हणून साउंडेक्सवर न थांबता, प्रत्येक रूप स्वतंत्रपणे टाकून पाहावे आणि आडनाव पूर्णपणे वगळून नुसते पहिले नाव, गाव आणि वर्ष यांवरही एकदा शोधावे. हा शेवटचा उपाय कंटाळवाणा आहे, पण माझ्या अनुभवात तोच सर्वाधिक वेळा फळला आहे.

तारखांचा घोळ हे दुसरे मोठे कारण. इंग्लंडमध्ये 1752 पूर्वी कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू होत असे. त्यामुळे लग्न जून 1720 मध्ये आणि पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी 1720 मध्ये, अशा नोंदी सापडल्या की कुटुंबाच्या अब्रूविषयी कुजबुज सुरू होते किंवा दोन वेगळी जोडपी कल्पिली जातात. तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने 1721 चा आहे आणि लग्नाला आठ महिने झालेले आहेत. अशी तारीख लिहिताना 1720/21 असे दुहेरी वर्ष लिहावे, म्हणजे पुढचा वाचणारा पुन्हा त्याच खड्ड्यात पडत नाही.

कोणती नोंद कोणत्या वर्षापासून मिळते हे माहीत नसल्यानेही वेळ फुकट जातो. चर्चच्या नोंदवह्या ठेवण्याचा हुकूम 1538 मध्ये टॉमस क्रॉमवेलच्या पुढाकाराने निघाला, त्याआधीचे बाप्तिस्मे शोधू नयेत. बाप्तिस्म्याच्या नोंदीत वडिलांच्या धंद्याचा छापील रकाना 1813 पासून आहे. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी इंग्लंड आणि वेल्समध्ये 1837 पासून आणि स्कॉटलंडमध्ये 1855 पासून सुरू झाली. श्रीमंत आणि मध्यम स्थितीतील लोकांची मृत्युपत्रे, कँटरबरीच्या आर्चबिशपच्या न्यायालयात सिद्ध झालेली असल्यास, 1384 ते 1858 या काळातली लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात पाहता येतात.

महाराष्ट्रातील थडग्यांवरच्या नावांसाठी वाट निराळी आहे. मुंबई इलाख्यातील ख्रिस्ती बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात आणि त्या आता ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस संग्रहात एन/3 या मालिकेत आहेत. बंगालची मालिका एन/1 आणि मद्रासची एन/2. येथे नेहमी होणारी चूक अशी की थडगे पुण्यात आहे म्हणून फक्त एन/3 पाहिली जाते. पलटणी एका इलाख्यातून दुसऱ्यात जात, आणि त्यांच्याबरोबर बायकामुलेही जात. भारताचे सर्व्हेअर जनरल झालेले जेम्स टॉमस वॉकर यांचा जन्म 1826 मध्ये कण्णूर येथे झाला, म्हणजे मद्रास इलाख्यात, परंतु त्यांची नेमणूक मुंबईच्या इंजिनिअर दलात होती. तेव्हा एन/3 मध्ये बाप्तिस्मा सापडला नाही तर एन/2 उघडावी, आणि थडग्यावर पलटणीचे नाव कोरलेले असेल तर आडनावाच्या आधी ते टिपून घ्यावे.